इन्फोग्राफिक करा, पण मुलांना मोजू देऊ नका

गुरुजनहो, वर्गासाठी इन्फोग्राफिक, म्हणजे माहिती चित्रांत आणि आलेखांत मांडणारा तक्ता, करायचं मनावर घेतलंच आहे, तर आधी भिंत ठरवा. विषयाचं नंतर बघू. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरची भिंत सर्वांत उत्तम, आणि तक्ता जमिनीपासून सात फुटांवर. चौथीच्या पोराला टाचा उंचावूनही वाचता येऊ नये, पण शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले की फोटोत तो बरोबर त्यांच्या डोक्यावर यावा. वर्गात लावलात तर मुलं रोज बघतील, बोट लावून वाचतील आणि एखाद्या दिवशी त्यातली चूक काढतील. सात फुटांवरच्या चुका कुणी काढत नाही.

विषय असा घ्या की ज्यात मोजण्यासारखं काही नाही. ‘संतुलित आहार’ हा त्यातला खात्रीचा. नेटवर टेम्प्लेट तयार मिळतं: ब्रोकोली, ब्लूबेरी, ॲव्होकॅडो, सामन मासा. आपल्या सोलापूरच्या पोरांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी असते, मान्य. पण जे डब्यात आहे ते पुन्हा तक्त्यावर कशाला? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निसटलं की संपलं. वर्गभर डबे उघडतील, कुणी काय आणलंय त्याच्या ताळ्याच्या खुणा फळ्यावर ओढल्या जातील, आणि तास संपायच्या आत पोरांनी तुमच्याशिवायच आलेख काढलेला असेल. ब्लूबेरीच्या बाबतीत ही भीती नाही.

टेम्प्लेटमध्ये मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. दुरुस्त करत बसू नका. फिकट पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं घेतलीत की फुटलेलं काही दिसतच नाही. शिवाय शेवटी याची झेरॉक्स निघून पालकांकडे जाणार. तेव्हा धोक्याला लाल आणि सुरक्षिततेला हिरवा रंग ठेवा. झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच करडे होतात आणि वादाला जागा उरत नाही.

आकडे टाळता आले नाहीत, तर निदान त्यांना शिस्त लावा. शाळेचा निकाल ९१ टक्क्यांवरून ९३ वर गेला असेल, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करण्याचा बाळबोधपणा करू नका. ९० पासून करा. पहिला स्तंभ एक घर उंच, दुसरा तीन घरं. शाळेची तिप्पट प्रगती पालकसभेत शेवटच्या बाकापर्यंत दिसते. गेल्या वर्षी शंभर झाडं लावली आणि यंदा दोनशे, तर झाडाचं चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढा. कागदावर झाड चौपट होतं आणि एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. वर्तुळालेख मात्र त्रिमितीच घ्या, किंचित मागे कललेला. म्हणजे जी फोड मोठी दाखवायची ती पुढच्या बाजूला आणता येते. सगळ्या फोडींची बेरीज १३० टक्के झाली तरी हरकत नाही. उपक्रमशील शाळा शंभरावर थांबत नसते.

या कलेत जुन्या लोकांना फारशी गती नव्हती, हेही जाता जाता सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचे मृत्यू महिन्यागणिक पाकळ्यांच्या आकृतीत मांडले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक गेले, हे त्यात एका नजरेत दिसतं. पण आपल्या तालुकास्तरीय स्पर्धेत त्या आकृतीला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं. किनार नाही, चकाकी नाही, घोषवाक्य नाही, मार्गदर्शकांचं नाव नाही. त्याआधी १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घराघरांनुसार नकाशावर मांडले आणि खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती निघाली. हा प्रसंग वर्गात सांगूच नका. मुलं घरी जाऊन आपल्या पेठेचा नकाशा काढतील, कुणाच्या नळाला किती दिवसांआड पाणी येतं त्याच्या खुणा करतील, आणि तो कागद घेऊन तुमच्याकडेच येतील.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर उजनीबद्दल सावध करतो. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला सर्वांत मोठा धोका या धरणाकडून आहे. उन्हाळा आला की उजनी अनेकदा उण्यात जातं, चांगल्या पावसाळ्यात तेच शंभर टक्क्यांच्याही वर जातं, आणि दोन्ही बातम्या पोरांच्या कानावर पडतात. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, धरणात पाणी उणे कसं काय असतंय ओ?” यावर “पुढच्या इयत्तेत आहे” हे उत्तर वर्षानुवर्षं चाललेलं आहे, तेच चालू द्या.

कारण खरं उत्तर भयंकर सोपं आहे. उजनी शंभर टक्के भरलं की त्यात एकूण साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी असतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आणि त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा, म्हणजे मेलेलं पाणी जिवंतापेक्षा जास्त. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. खाली ६३ टीएमसीच्या वर पाणी असतंच. आणि उणे पन्नास म्हणजे ५३.५७ चं निम्मं मृतसाठ्यातूनही गेलं, तरी जवळपास ३७ टीएमसी शिल्लक. ऋण संख्या, टक्केवारी आणि दशांश अपूर्णांक, तिन्ही धडे एका धरणात.

आता याचं चित्र काढायचं म्हटलं तर ११७ सेंटीमीटरपेक्षा जराशी उंच कागदाची पट्टी पुरते. एक सेंटीमीटरला एक टीएमसी. ६३.६६ वर एक लाल रेघ आणि तिथे शून्य. मग ज्या दिवशी पेपरात टक्के येतील त्या दिवशी एका मुलाने गणित करायचं आणि निळी खूण वर-खाली सरकवायची. जूनला शाळा उघडली की सुरू, पाऊस बरसला की खूण चढत जाते, उन्हाळी सुट्टीच्या आधी रेघेच्या खालीही उतरू शकते. पट्टीची उंची साधारण पहिलीतल्या पोराएवढी, त्यामुळे पाणी आपल्या गुडघ्याला आलंय की गळ्याला हे त्याला स्वतः उभं राहून कळतं. खर्च म्हणाल तर शून्य. म्हणूनच सांगतो, या फंदात पडू नका. साहित्याचं बिल लावता येत नाही, आणि वर्षभर बदलत राहणाऱ्या तक्त्याचं उद्घाटन करायचं तरी कोणत्या दिवशी?

त्यापेक्षा तक्ता घरी करायला द्या. गुरुवारी सांगा, शुक्रवारी मागवा. रात्री दहाला बाप स्टेशनरीचं दुकान शोधत नवी पेठेतून फिरेल, आई कार्डशीटवर रेघा आखेल, ताई रंग भरेल, आणि पोरगं मध्येच झोपी जाईल. सकाळी ते दोन्ही हातांनी गुंडाळी सांभाळत रिक्षातून येतं. मूल्यमापनात सहकार्य, नियोजन, सौंदर्यदृष्टी असे सगळे रकाने भरता येतात. तक्त्यात काय आहे ते त्याला विचारू नका, एवढं पथ्य पाळा.

क्यूआर कोड मात्र हवाच. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या कोडमागे कविता, गोष्टी, स्वाध्याय असत. आपण तेवढं खोलात जायचं कारण नाही. कोपऱ्यात काळा-पांढरा चौकोन दिसला पाहिजे. स्कॅन केल्यावर “हे पान उपलब्ध नाही” असं आलं, तर नेटवर्कला दोष द्या. तपासणीच्या दिवशी तसंही नेटवर्क नसतंच.

आणि इतकी काळजी घेऊनही प्रत्येक वर्गात एक पोरगं असतंच. साहेब तक्त्याखाली उभे आहेत, शाल-श्रीफळ झालं आहे, फोटो निघतो आहे, आणि हे मान वर करून ओठांतल्या ओठांत बेरीज करतंय. “सर, हे समदं मिळून एकशेतीस होतंय की ओ!” असं ते ओरडायच्या आत त्याला जवळ बोलवा, पाठीवर हात ठेवा आणि कोपऱ्यावर चहा सांगायला पिटाळा. पाहुणे किती, कप किती, हे मात्र त्यालाच मोजू द्या. तिथे चूक परवडत नाही.