लायसन्स उद्या संपतंय? निवांत राहा!

मंगळवारी रात्री साडेदहाला एका व्यवसायबंधूचा फोन आला. "झोपला नाहीस ना? ते 45 तासांचं झेंगट तू उरकलं असशील. उत्तरं पाठव ना जरा." त्याचं घरविक्रीचं लायसन्स बुधवारी मध्यरात्री संपणार होतं, आणि ते पुढे चालू ठेवायला दर 4 वर्षांनी 45 तासांचे कोर्स करून परीक्षा द्याव्या लागतात. 4 वर्षं मिळाली होती, त्यातला एक दिवस शिल्लक होता, आणि सूर असा की उशीर मीच केलाय.

तर कॅलिफोर्नियातल्या तमाम मराठी रिअल्टर बंधुभगिनींनो, पुन्हा असा फोन यायला नको म्हणून हे मार्गदर्शन.

रिन्यूअलची आठवण करून देणारी ईमेल आली की तिला तारा लावा. तारा लावला की निम्मं काम झालं.

कोर्स निवडताना शिकवतं कोण ते बघू नका, स्वस्त कोणता ते बघा. एका घराच्या कमिशनमध्ये गाडी बदलणाऱ्या माणसानं शिक्षणावर पैसे उधळणं बरं दिसत नाही.

ट्रस्ट फंडचे, म्हणजे क्लायंटचे पैसे सांभाळायला शिकवणारे, 3 तास सरळ झोपेत काढा. क्लायंटचा चेक खात्यात भरायला कायद्याला कामकाजाचे 3 दिवस पुरेसे वाटतात. आपल्या गाडीच्या कप्प्यात तो आठवडाभर सुखानं राहतो.

2023 पासून इम्प्लिसिट बायसचे, म्हणजे मनात नकळत असलेल्या पूर्वग्रहाचे, 2 तास वाढलेत, तेव्हा आवाज बंद ठेवा. बायस आपल्याला नसतोच. तो इतरांना असतो, आपल्याबद्दल.

परीक्षेला 70 टक्के लागतात. दहावीला 80 पडले म्हणून घरी रडलेली माणसं आपण, आपल्याला ही सत्तरी अवघड वाटायला लागली की समजावं, लायसन्स चांगलं मुरलंय. एक खोच मात्र आहे. 24 तासांत जास्तीत जास्त 15 तासांच्या कोर्सच्याच परीक्षा देता येतात. आमच्या बंधूच्या हातात होते साडेपंचवीस तास. गणित तुम्ही करा, त्यानं केलं नव्हतं.

पण घाबरायचं काय त्यात? लायसन्स संपलं तरी पुढची 2 वर्षं जास्तीची फी भरून ते परत मिळवता येतं. तोवर घर दाखवायचं नाही, ऑफर लिहायची नाही, अशा कामाचं कमिशन घ्यायचं नाही. बाकी तुम्ही मोकळे आहात.

आता फेअर हाउसिंगचे, म्हणजे घर देताना भेदभाव करू नका हे शिकवणारे, 3 तास. हा कोर्स म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. त्यात हल्ली नाटुकलंही बसवलंय. एकदा आपण एजंट व्हायचं, एकदा घर शोधणारा. तुम्ही 'पुढे', 'पुढे', 'पुढे' करत राहा. पानावरचं ते घड्याळ सोडत नसेल तर भांडी घासून या. कारण आपण कुठे भेदभाव करतो? आपण तर मदत करतो! क्लायंट विचारतो, "तिथे आपले लोक आहेत ना?" आपण म्हणतो, "भरपूर. निम्मी गल्ली आपलीच." किती बरं वाटतं त्याला. "त्या बाजूला नको बघू, तिकडचं क्राउड वेगळं आहे." क्राउड म्हणजे कोण, हे दोघांनाही कळतं, म्हणून दोघंही नाव घेत नाहीत. केवढी ही सभ्यता! कोर्समध्ये याला स्टीअरिंग, म्हणजे माणसं वळवणं, म्हणतात. आपल्यात आपुलकी म्हणतात.

गेल्या महिन्यात याच बंधूच्या ओपन हाउसला, म्हणजे विकाऊ घर बघायला खुलं ठेवतात तिथे, मी गेलो होतो. एक जोडपं आलं, बरोबर तीन लहान मुलं. हा हसून म्हणाला, "इथे सगळे वयस्कर लोक राहतात हो, मुलांना करमायचं नाही. पलीकडच्या भागात बघा ना." मुलं आहेत म्हणून एखाद्या कुटुंबाला असं दुसरीकडे वळवणं 1988 च्या केंद्रीय कायद्यानं बेकायदा ठरवलंय. याला वाटलं, आपण सल्ला दिला. ते जोडपं 'थँक यू' म्हणून निघून गेलं. मुलांची आई पायऱ्या उतरताना एकदा मागे वळून घराकडे बघत होती.

आणि हे 3 तास कुणा बाबूच्या डोक्यातून आले, असं वाटतं तुम्हाला? 1913 चा या राज्याचा कायदा होता, जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांनी शेतजमीन घ्यायची नाही. 1923 मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. झालं, तो कायदा इथल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या मानगुटीवर बसला. 1924 मध्ये रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनं लिहून ठेवलं की ज्या वंशाच्या माणसांमुळे वस्तीतल्या घरांच्या किमती पडतील, त्यांना तिथे आणू नये. आणि हे कशात लिहिलं? आचारसंहितेत! ज्या एथिक्सचे 3 तास आपण झोपून काढतो, त्याच एथिक्समध्ये. पुढे घर देताना भेदभाव नको म्हणणारा रम्फर्ड कायदा 1963 मध्ये आला, तर या राज्यातल्या रिअल इस्टेटवाल्यांच्या संघटनेनं पुढच्याच वर्षी प्रपोझिशन 14 आणून, लोकांची मतं घेऊन तो मोडीत काढला. ते निस्तरायला 1967 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. फेअर हाउसिंगचा केंद्रीय कायदा 1968 चा, तोही मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याभरात सही झालेला.

वळवलेले लोक आपण होतो रे! आणि आज तूच दारात उभा राहून हातवारे करतोस, तू तिकडे जा, तू इकडे ये. एवढ्यासाठी लायसन्स काढलंस? लोक आयुष्यभराची कमाई घेऊन तुझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी 4 वर्षांत 45 तास निघत नाहीत तुझ्याच्यानं, म्हणजे महिन्याला तासभरही नाही? आणि दर शनिवारी हसरा फोटो टाकतोस, 'तुमचा विश्वासू मराठी रिअल्टर'. लाज वाटत नाही?

मागच्या रिन्यूअललाही तू अशीच उत्तरं मागितली होतीस. तेव्हा ती मी पाठवली होती. फेअर हाउसिंगची सकट. त्या बाईनं मागे वळून बघितलं तेव्हा मला तेच आठवलं, आणि तेव्हापासून मला तुझा राग जास्त येतो की माझा, ते ठरत नाहीये.

या वेळी पाठवणार नाही. पुन्हा फोन करू नकोस. आणि शनिवारच्या ओपन हाउसची पाटी काढून ठेव. गुरुवारपासून तुला ती लावता येत नाही.