आधी स्टूल, मग खोगीर

नागपूरच्या माणसाला घोडा घेण्याआधी चार शहाण्या गोष्टी सांगायची सोयच नसते, कारण घेईपर्यंत त्याचं त्यालाच माहीत नसतं. सारंगखेड्याच्या यात्रेत तो दत्ताच्या दर्शनाला म्हणून जातो. तापीकाठी घोड्यांच्या रांगा बघतो, कानांची टोकं एकमेकांना टेकवून उभा असलेला एखादा काठियावाडी घोडा त्याच्याकडे तुच्छतेने बघतो आणि इकडे याचा हात खिशात जातो. तीन वर्षांचा, पाठीवर कधी साधं पोतंही न पडलेला तो कोरा घोडा मग रात्रभर ट्रकमध्ये उभा राहून हिंगण्याच्या नाहीतर कळमेश्वरच्या शेतावर उतरतो. उतरल्या उतरल्या मालकाला वाटतं, आता बसावं. माझंही तेच म्हणणं आहे. बसावं, पण स्टुलावर.

स्टुलाकडे येऊच. आधी पाणी. साडेतीनशे किलोचा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. नव्या जागी पाण्याची चव बदलली की तो नाक मुरडतो, आणि टाक्यातून पीत असेल तर किती प्यायला हे कळतच नाही. म्हणून पहिले काही दिवस बादलीनेच पाजावं, बादल्या मोजाव्यात. दुसरी गोष्ट चारा. घोडा विकणाऱ्याकडून त्याच्या नेहमीच्या चाऱ्याचं एखादं पोतं मागून आणावं; इतके पैसे घेतल्यावर तेवढं तो देतो. जुन्यात नवा चारा थोडा थोडा मिसळत सात ते दहा दिवसांनी पूर्ण बदल करायचा. घोड्याच्या आतड्यातले जंतू चारा पचवतात, त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. वरून घोड्याला उलटी करता येत नाही. गिळलं ते पुढेच जाणार, किंवा अडणार.

पण नव्या घोड्याचे लाड करायची घाई असते ना! भिजवलेला हरभरा, सरकीची पेंड, वर गूळ. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, तेही शब्दशः. दाणा एकदम वाढला की पोटशूळ उठतो. घोडा मान वळवून पोटाकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, उठतो, पुन्हा लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी शेजारचे काकाजी ओवा आणि हिंग घेऊन पळत येतात. त्यांना खुर्ची द्यावी आणि डॉक्टरांना फोन करावा. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, एवढं भाग्य सगळ्या गावांच्या नशिबी नसतं. सुरुवातीला सुका कडबा आणि गवत मिळून दिवसाला पाच ते सात किलो, चार-पाच वेळा विभागून. दाणा मात्र आधीचा मालक देत होता तेवढाच. कुटार, म्हणजे भुसा, धुळकट असेल तर पाणी शिंपडून. कोंबड्यांचं खाद्य शेतावर असेल तर ते कुलपात ठेवा. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याचा मात्र जीव घेऊ शकतं.

घरी दुसरा घोडा असेल तर नव्याला तीन आठवडे वेगळा ठेवावा; बादली वेगळी, खरारा वेगळा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद खरेदीच्या वेळीच बघावा, धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. हे सगळं कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि अंगावरच्या केसांचे भोवरे मात्र भिंग लावून बघतात. मानेवर कुठला भोवरा, छातीवर कुठला, कोणता मालकाला तारतो, कोणता बुडवतो. मालकाला बुडवायला घोड्याच्या अंगावर भोवरा लागत नाही, हे मी कितीदा सांगू?

मग येतात पाहुणे. घोडा आला ही बातमी नागपुरात तर्रीच्या वासाइतकी लवकर पसरते. ‘ॲव्हरेज किती देते भाऊ?’ हा विनोद प्रत्येकाला स्वतःला पहिल्यांदाच सुचलेला असतो. विनोद सहन होतो, त्यांचा हात होत नाही. प्रत्येक जण समोरून सरळ चालत जातो आणि घोड्याच्या कपाळावर थाप मारायला बघतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ सगळा गोल त्याला दिसतो. दिसत नाही ते फक्त नेमकं कपाळासमोर आणि नेमकं शेपटीमागे. म्हणजे पाहुण्याचा हात जवळ येता येता गायब होतो आणि थेट अंगावर पडतो. घोडा डोकं झटकतो. पाहुणा म्हणतो, ‘हा तर मारका आहे बे!’ जायचं ते तिरकं, खांद्याच्या रोखाने, हळू आवाजात काहीतरी बोलत. काय बोलता त्याला महत्त्व नाही. सातबाराच्या तक्रारी सांगितल्या तरी चालतात.

आता स्टूल. लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लॅस्टिकचं हलकं स्टूल उठताना कलंडतं आणि त्या आवाजाने सगळी मेहनत वाया जाते. मोकळ्या आवारात, कठड्यापाशी, घोड्याकडे बाजू करून बसायचं. कठडा पाच फूट उंच असावा, काटेरी तार कुठेही नसावी. घोडा अगदीच बुजरा किंवा चावरा असेल तर स्टूल कठड्याबाहेर. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. फोन बंद. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, बोलवायचं नाही, हातात गूळ ठेवायचा नाही. काहीही करायचं नाही आणि कामाची अडचण तीच आहे. पानठेल्यावर तासन्‌तास निवांत बसणारा आपला माणूस घोड्यासमोर दहा मिनिटांत चुळबुळायला लागतो. उठून जवळ जातो, घोडा लांब जातो, हा मागे जातो. झालं, घोडा शिकला की हा प्राणी पाठलाग करतो.

न उठता बसलात तर काय होतं ते बघा. आधी एक कान तुमच्याकडे वळतो. मग घोडा चरत चरत, काही संबंध नसल्यासारखं दाखवत, अर्धवर्तुळ काढतो. मान लांब करून फुर्र करतो, मागे सरतो. पुन्हा येतो, तुमचा खांदा हुंगतो, गरम श्वास कानात सोडतो आणि निघून जातो. जाऊ द्यायचं. कान मागे चपटे झाले, डोळ्याचा पांढरा भाग दिसला की आज पुरे. मान खाली आली, ओठ सैल पडले, तो जीभ फिरवून चघळल्यासारखं करू लागला, एक मागचा पाय टेकवून उभा राहिला की मन सैल होतंय असं समजा. एवढं लक्षात असू दे, हा टप्पा तुमच्या लग्नसराईच्या वेळापत्रकाने येत नाही.

इथे एक खास नागपुरी संकट आहे, खर्रा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. स्टुलावर बसला की माणसाचा हात आपोआप खिशात जातो, पन्नी निघते आणि तो घोटायला लागतो. ती चुरचुर कोऱ्या घोड्याला वणव्याची वाटते की सापाची, देव जाणे, पण तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. सुरुवातीला पन्नी घरी. पुढे तीच कामाला येते: दहा-पंधरा पावलांवरून एकदा चुरचुर करायची, घोडा क्षणभर स्थिर राहिला की ताबडतोब थांबायचं आणि दूर जायचं. थांबायचं ते तो स्थिर असताना. तो पळाल्यावर थांबलात तर पळालं की आवाज बंद होतो, एवढंच तो शिकतो. घोड्याच्या शिक्षणात जोर लावणं कुणालाही येतं, सोडणं फार थोड्यांना.

हात लावायचा तो आधी खांद्याला, मग आयाळ संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्याला. थोपटायचं नाही, नखांनी खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. बरोबर जागा सापडली की त्याचा वरचा ओठ लांब होऊन थरथरतो आणि चेहरा असा काही होतो की फोटो काढावासा वाटतो. काढू नका, हात चालू ठेवा, आणि तो बाजूला व्हायच्या आधी आपणच थांबा.

मोहरकी, म्हणजे तोंडावरचा पट्ट्यांचा साज, चढवल्यावर नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मोकळा सोडताना ती काढायचीच, कारण कान खाजवताना मागचा खूर पट्ट्यात अडकतो आणि नायलॉन तुटत नाही. काढणी, म्हणजे धरायची दोरी, दहा-बारा फुटांची हवी, हाताला कधीही गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची. आणि समोर उभं राहून ओढायचं नाही. साडेतीनशे किलो एका बाजूला, तर्री-पोह्यांवर पोसलेले पंचाऐंशी किलो दुसऱ्या बाजूला. निकाल आधीच लागलेला असतो. बाजूला उभं राहून हलका ताण द्यावा, त्याने एक पाय उचलला की त्याच क्षणी ताण सोडावा. खुंट्याला बांधताना मध्ये सुतळीचा फास ठेवावा, दचकून मागे खेचलंच तर सुतळी तुटेल, मान वाचेल. चारही पाय रोज एकेकदा उचलून, खूर साफ करून, त्याने हिसका द्यायच्या आधी खाली ठेवावेत. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो तो खूर कापायला. घोड्याला पाय द्यायला शिकवणं त्याच्या मजुरीत नसतं, आणि तो ते ऐकवतोही.

उन्हाळ्यात काम सकाळी सातच्या आत उरकावं. गोठ्यात कूलर लावायचा तर आधी लांब ठेवून, पाण्याविना, नुसता पंखा फिरू द्यावा. अन् एखाद्या दुपारी शेजारच्या शेतातून ओरडा येईल, ‘भाऊ, धावा, घोडा मेला!’ घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण खरी गाढ झोप त्याला आडवं पडूनच लागते, आणि आडवा तो पडतो धोका नाही अशी खात्री पटल्यावरच. नव्या जागी काही घोडे कित्येक दिवस आडवे होत नाहीत. तेव्हा धावू नका, ओरडणाऱ्याला गप्प करा.

असा तो जरा माणसाळलेला दिसला की एक काकाजी येतातच. ‘बावाजी, तुळशीच्या लग्नानंतर पोराचं लगन आहे. घोडं देता काय?’ त्यांना समजवावं लागतं की याचे सगळे पक्के दात पाचव्या वर्षी पुरे होतील आणि पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतर संपेल. डीजे तर त्याने अजून ऐकलेलाही नाही. काकाजींना हे पटत नाही. मग हिशेब मांडावा: पुढे वाढ पुरी झाल्यावरही घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको, म्हणजे खोगिरासकट सत्तर किलो. त्यात खोगीर दहा किलो धरा. नवरदेव किती?

काकाजी मनातल्या मनात पोराला तोलतात, मांडीवर बसणारा भाचा त्यात मिळवतात आणि म्हणतात, ‘हा नाही जमत भाऊ. पण लहाना अठ्ठावन्नचा आहे. त्याचं चार वर्षांनी काढतो, तवर हाही तयार होते.’