‘पहिल्या दिवशी ऐकवलं, मग गायब’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. अँटेना बसवूनही 60 किलोमीटरवरचं हवं ते छोटं एफएम रेडिओ स्टेशन शहरात रोज लागत नाही, याचा तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘संध्याकाळी स्वच्छ ऐकवलं, पैसे घेतले आणि दुसऱ्या दुपारपासून नुसती खरखर, ही सरळ फसवणूक आहे’ हे वाक्य जिव्हारी लागलं. आमचं दुकान जाहिरातीवर नाही, लोकांच्या सांगण्यावर चालतं. म्हणून सविस्तर लिहितो.

त्या संध्याकाळी जे ऐकू आलं ते खरंच ऐकू आलं. वारा पडलेला होता, आकाश निरभ्र होतं. अशा वेळी जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एफएमच्या लहरी त्या थराखाली वाकत वाकत क्षितिजापलीकडे जातात, कधी कधी तर शेकडो किलोमीटर. ऊन चढलं की थर मोडतो आणि स्टेशनही जातं. हे आम्ही गच्चीवर उभं राहूनच सांगितलं होतं. ‘आज हवा मदतीला आहे, उद्या दुपारी ऐका आणि मगच पैसे द्या,’ असंही म्हटलं होतं. ‘लागलंय ना, घ्या पैसे,’ हे शब्द तुमचे होते. ते अभिप्रायात कुठेच नाहीत.

मार्कोनीने 1901 साली अटलांटिकपलीकडे संकेत पोहोचवला, मग तुम्हाला 60 किलोमीटर का जमत नाही, असं तुम्ही विचारलंय. साहेब, त्याच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या होत्या. तसल्या लहरी जमिनीला धरून जातात, आयनांबरावरून, म्हणजे आकाशात खूप उंचावर असलेल्या विद्युतभारित थरावरून, परतही येतात. एफएमची लहर जेमतेम 3 मीटरची असते आणि एरवी आयनांबरातून आरपार निघून जाते. तिला जवळजवळ सरळ वाट लागते. ती वाट किती, याचा हिशेब कोणीही करू शकतो: दोन्ही टोकांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि 4.12 ने गुणायचं. स्टेशनचा मनोरा 36 मीटर, तुमची गच्ची 25 मीटर. म्हणजे 6 आणि 5, मिळून 11. उत्तर येतं सुमारे 45 किलोमीटर. उरलेले 15 किलोमीटर पृथ्वीच्या गोलाईच्या सावलीत जातात. तिथे सिग्नल पोहोचतच नाही असं नाही, पण फार क्षीण पोहोचतो. स्टेशनने शक्ती दहापट केली तरी फक्त 10 डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं माप) वाढतात.

एवढा क्षीण सिग्नल पकडायचा तर अँटेना उंच हवी, तोंड नेमकं स्टेशनकडे हवं आणि रेडिओ स्टिरिओवरून मोनोवर घ्यायला हवा, कारण स्टिरिओत खरखर बरीच वाढते. त्या स्टेशनच्या लहरी उभ्या आहेत, म्हणून आम्ही अँटेनाच्या काड्याही उभ्या बसवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ‘गच्चीवर बरी दिसत नाही’ म्हणून तुम्ही ती खाली बाल्कनीत आणलीत, काड्या आडव्या केल्यात आणि आम्ही नको म्हटलेला बूस्टरही (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावलात. शहरातलं मोठं स्टेशन तुमच्या छोट्या स्टेशनपासून फक्त 0.2 मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहे. बूस्टर त्यालाही तितकंच वाढवतो, रेडिओचा घसा तिथेच दाबला जातो आणि शेजारचं छोटं स्टेशन त्याखाली बुडतं. अँटेना हलवल्याचं आणि बूस्टर लावल्याचं फोनवर तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं, म्हणूनच इतक्या खात्रीने लिहितो आहे.

काम करताना आमची माणसं घाईत होती, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी बोलू. हवेच्या भरवशाचं काय असतं ते पावतीवरच छापून द्यावं असा विचार आहे, बाकीचंही बघतो.

अँटेना पुन्हा गच्चीवर चढवायला माणूस पाठवतो, त्याचे पैसे नकोत. तेवढा बूस्टर काढून ठेवा. स्टेशन रोज, सगळा वेळ स्वच्छ लागेल असा शब्द आम्ही तेव्हाही दिला नव्हता, आजही देत नाही. पण आता आहे त्याहून नक्की बरं लागेल. तारा एकच राहिला तरी चालेल, ‘फसवणूक’ हा शब्द मात्र कृपा करून काढा. नवीन गिऱ्हाईक सगळ्यात आधी तोच वाचतं.