‘विषाणू टोचलेली पपई’ : एका संदेशाचा प्रतिवाद

‘पपईत विषाणू टोचतात, ती खाल्ली की तो आपल्या रक्तात उतरतो, साध्या फवारणीने जाणाऱ्या रोगासाठी कंपन्यांनी रचलेला हा डाव आहे आणि बाजारातली तैवान पपई त्याचाच नमुना,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

शेवटचा मुद्दा चटकन निकालात निघतो. आपल्याकडची ‘तैवान ७८६’ ही संकरित जात आहे; जनुकीय बदल केलेल्या पपईच्या लागवडीला भारतात परवानगीच नाही. तशी पपई पिकते ती प्रामुख्याने चीनमध्ये आणि हवाई बेटांवर.

तिच्यातही अख्खा विषाणू नसतो. हवाईतील पपईत, फळावर वलये उमटवणारा रोग आणणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूच्या कवचाचे प्रथिन घडवणारे एक जनुक तेवढे झाडात घातलेले असते आणि त्यामुळे त्या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती असलेला रेणू, ओळखून त्याचे तुकडे करण्याची झाडाची स्वतःचीच यंत्रणा आधीपासून सज्ज राहते. हा विषाणू पपईला आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांना ग्रासतो, माणसाला नाही. सालीवर वलये उमटलेले रोगट फळ ज्यांनी खाल्ले आहे, त्यांच्या पोटात तर सगळाच विषाणू गेलेला असतो!

फवारणीचा मुद्दा वरवर पटण्याजोगा आहे, पण बागेत तो टिकत नाही. हा विषाणू झाडोझाडी पसरवतो तो मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. पपईवर मावा सहसा वस्ती करत नाही. उडता उडता पानावर टेकतो, सोंड खुपसून चव पाहतो आणि न आवडल्यास पुढच्या झाडावर जातो. लागण होण्यास तेवढे काही क्षण पुरतात. औषधाने मावा मरतो खरा, पण काम उरकल्यानंतर.

‘कंपन्यांचा डाव’ हे तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. हे संशोधन मूळचे हवाईचे असलेले, अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील डॉ. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. हवाईतील बहुतेक पपई जिथे पिकत असे, त्या पुना भागात १९९२ मध्ये हा रोग पोहोचला आणि १९९८ पर्यंत तिथले उत्पादन निम्म्यावर आले. त्याच वर्षी ‘रेनबो’ या जनुकीय बदल केलेल्या जातीचे बियाणे शेतकऱ्यांना मोफत वाटण्यात आले. तंत्रावर कंपन्यांची पेटंटे होती व त्यांचे परवाने मिळवावे लागले, हे मात्र मान्य केले पाहिजे.

या तंत्राला खरी मर्यादा आहे, पण तिचा संदेशात उल्लेखही नाही. घातलेले जनुक हवाईतील विषाणूचे असल्याने, तैवान आणि थायलंडमधील विषाणूंपुढे ‘रेनबो’चा प्रतिकार हरितगृहातील चाचण्यांतच तोकडा पडला.