काकडी तेलात नको, खारातच बरी

ताई, तुमची सविस्तर प्रतिक्रिया आवडली. नुसतं नाक मुरडून तुम्ही थांबला नाहीत. तुमचे आक्षेप तीन: तेल-व्हिनेगर काहीच नसल्यामुळे ही पोलिश पद्धतीची, मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी सडणारच आणि वर येते ती बुरशी, काकडीत निव्वळ पाणी, मग पौष्टिक कसली, आणि शेवटी फ्रिजमध्येच ठेवायची तर एवढा खटाटोप कशाला?

तेलाचं आधी. कैरीच्या लोणच्यात तेल हवा अडवतं, पण टिकवायचं काम मीठ आणि कैरीचा आंबटपणा करतात. काकडी आंबट नसते. ताजी काकडी तेलात बुडवून बाहेर ठेवली तर ओलावा आहे, आम्ल नाही, हवाही नाही. बोट्युलिझम, म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, त्याच्या जंतूला अशीच जागा लागते. म्हणून तुमची ‘वरून दोन बोटं तेल’ ही युक्ती इथे नको. पोलंडच्या या काकडीत आंबटपणा बरणीतच तयार होतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, किलोभर कोवळ्या काकड्या, लसूण आणि शेपूचे तुरे. तुरे नसतील तर बाळंतशेपा. एवढ्या मिठात सडवणारे जंतू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे जोर धरतात. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझमचा धोका टळतो, आणि नीट आंबलेली काकडी त्याच्याही बरीच खाली जाते. आपल्या खारातल्या कैऱ्यांना मीठ कितीतरी जास्त लागतं, तिथे राखण मीठच करतं. तो हाताचा अंदाज इथे वापरू नका. मीठ काट्यावर मोजा.

वरची साय पांढरी, सपाट, सुरकुतलेली असेल तर ते यीस्ट. काढून टाका, रोज बघा. राहू दिली तर ती आम्लच खाऊन टाकते. केसाळ, हिरवी-काळी दिसली किंवा काकडी बुळबुळीत लागली, तर मात्र सगळी बरणी ओतून टाका. काकड्या खाराखाली दाबलेल्या हव्यात, त्याला पर्याय नाही.

आणि काकडी मऊ का पडते म्हणाल? कडूपणा काढायला आपण देठाकडचं टोक कापून घासतो. इथे कापायचं ते फुलाकडचं. तिथली एन्झाइम्स काकडी पिळपिळीत करतात.

पौष्टिकतेबद्दल तुमचं निम्मं बरोबर. काकडीत ९५ टक्के पाणी, १०० ग्रॅममागे जेमतेम १५ कॅलरी, सालीसकट खाल्ली तर थोडं के जीवनसत्त्व. आंबवल्याने यात भर पडते ती जिवंत जंतूंची. व्हिनेगर घालून तापवलेल्या बाजारी बाटलीत ते नसतात. पण मिठाकडे लक्ष हवं. वरच्या प्रमाणाने खार मुरला की १०० ग्रॅम काकडीत साधारण अडीच ग्रॅम मीठ येतं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या दिवसाच्या पाच ग्रॅमांपैकी निम्मं. रक्तदाब असलेल्यांनी चवीपुरती दोन चकत्या घ्याव्यात.

राहिला फ्रिज. थंडीत, वीस-बावीस अंशांत, काकडी सावकाश आणि कुरकुरीत आंबते. एप्रिल-मेमध्ये ती घाईने आंबते आणि मऊ पडते, म्हणून मी तेव्हा करतच नाही. हवी तेवढी आंबट झाली की फ्रिजमध्ये, म्हणजे आंबणं मंदावतं. पूर्ण आंबलेली, खाराखाली बुडलेली काकडी तिथे चार ते सहा महिने राहते. ताजी काकडी आठवडाभरात माना टाकते. चमचा मात्र इथे कोरडाच हवा असं नाही, स्वच्छ असला की पुरे.