'सी', 'क्वांदो' आणि माझं उठलेलं डोकं

स्पॅनिश सोपी, लिहिलंय तसं वाचायचं की झालं, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे: जर-तरची चार वाक्यं न अडखळता बोलून दाखव. मग बोलू.

सबजंक्टिव्ह, म्हणजे क्रियापदाचं एक वेगळं रूप, कशासाठी असतो म्हणे? तर शंका, इच्छा, अजून न घडलेलं, असल्या गोष्टींसाठी. बरं. मग 'उद्या आलास तर' यात शंका नाही तर काय आहे? पण तिथे 'सी ब्येनेस', साधा सरळ वर्तमानकाळ. आणि 'उद्या येशील तेव्हा' म्हणताना तो येणार हे मी धरूनच चाललेय, तर तिथे 'क्वांदो बेंगास', सबजंक्टिव्ह! हा कुठला उलटा कारभार? क्लासमध्ये विचारलं तर उत्तर काय, "ते तसंच असतं." 'सी'नंतर, म्हणजे 'जर'नंतर, वर्तमानातला सबजंक्टिव्ह लावायचा नाही म्हणजे नाही. पण 'एन कासो दे के' (समजा तसं झालं तर) आलं, की तोच लावायचा. 'आ मेनोस के'लाही (तसं झालं नाही तर) लावायचा. अर्थ बघायला जाल तर फसाल.

पैसे असते तर घर घेतलं असतं. आत्ता नाहीत की तेव्हा नव्हते, हे आपल्याकडे ऐकणारा समजून घेतो. यांना ते चालत नाही. आत्ता नाहीत: सी तुब्येरा दिनेरो, कोम्प्रारिया उना कासा. तेव्हा नव्हते: सी उब्येरा तेनिदो दिनेरो, आब्रिया कोम्प्रादो उना कासा. वर तुब्येराला तुब्येसे हा जुळा भाऊ, आणि दोन्ही बरोबर! अरे, एक काहीतरी ठेवा ना. वाक्याच्या दुसऱ्या, 'तर'वाल्या तुकड्यात आब्रियाच्या जागी उब्येरा चालतं, पण पहिल्यात उब्येराच्या जागी आब्रिया घातलं की लाल शाई. खुद्द स्पेनच्या उत्तरेत, बास्क भागात, बुर्गोसकडे, लोक 'सी तुब्येरा'च्या जागी बिनधास्त 'सी तेंद्रिया' म्हणतात. त्यांचे मार्क कोण कापतं?

एवढं सगळं घोकून झाल्यावर एखादा स्पॅनिश माणूस सहज म्हणून जातो, "सी लो से, नो बेंगो." माहीत असतं तर आलो नसतो! दोन्हीकडे वर्तमानकाळ. ना उब्येरा, ना आब्रिया. मी हेच पेपरात लिहिलं तर मिळेल भोपळा.

आणि पुढच्या धड्यात 'कोमो सी', म्हणजे 'जणू काही', आहे. तिथे गोष्ट आत्ताची असली तरी रूप भूतकाळातलंच लावायचं म्हणे.