इंजिन एक नंबर आहे

सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेल्या माझ्या एमएच-०९ गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली, तेव्हा ती दुरुस्त करावी, आहे तीच सजवावी की काढून नवी घ्यावी, हा प्रश्न आमच्या घरात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर येऊ लागला.

गाडीने तोवर बरेच सोसले होते. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूटही मागे टाकले, तेव्हा ही बिचारी शाहूपुरीत सीटपर्यंत पाण्यात उभी होती. तेव्हापासून पावसात काचा लावल्या की आत नदी अवतरते. त्यावर उपाय म्हणून मोगऱ्याची सुगंधी डबी ठेवली, तर गाळात मोगरा फुलल्यासारखा वास येऊ लागला. त्यात या उन्हाळ्यात आंबा घाट चढताना काटा लाल रेषेवर गेला, आणि बॉनेट उघडून वाफेकडे पाहत उभ्या असलेल्या मला कठड्यावरची माकडे ज्या सहानुभूतीने न्याहाळत होती, ती मला नातेवाइकांकडूनही कधी मिळालेली नाही.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी ऑइलची काडी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावर दाट दुधाचा चहा असावा तसा द्रव होता. हेड गॅस्केट गेल्यामुळे पाणी ऑइलमध्ये उतरले होते. खर्च चौदा हजार. मी चाचरत विचारले, "काढून टाकू का?" काडी फडक्याला पुसत ते म्हणाले, "साहेब, इंजिन एक नंबर आहे. बाकीचं तेवढं बघून घ्या." बाकीचे म्हणजे क्लच प्लेट, शॉकअब, लोअर आर्मचे बुश आणि खालचा पत्रा, एवढेच होते.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. गॅस्केटवर चौदा हजार घातल्यावर गाडी विकणे मूर्खपणाचे वाटले, म्हणून क्लच बदलला. नवा क्लच दुसऱ्याच्या पायाखाली जावा हे पटेना, म्हणून शॉकअब घातले. गाडीची किंमत जितकी घसरत गेली, तितकी माझी तिच्यातली गुंतवणूक वाढत गेली. व्यापारात याला काय म्हणतात ते पुण्यातल्या मुलाने फोनवर समजावून सांगितले. मी त्याला गाडी धुवायला ये म्हणालो.

नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलेली, हरित कर वेगळा, आणि तपासणीला गुळगुळीत टायर चालणार नाहीत म्हणून चारही टायर नवे. पासिंग झाले. ही गाडी २०२९ पर्यंत रस्त्यावर धावण्यास योग्य आहे, असे सरकारने लिहून दिले. माझ्याबद्दल असे अद्याप कोणीही लिहून दिलेले नाही.

तरीही पत्नीच्या आग्रहावरून एका शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या तरुणाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर टिचकी मारली आणि पंचवीस हजार सांगितले. मी आवाज शक्य तितका शांत ठेवून म्हणालो, "अहो, सोळा हजारांचे तर टायर आहेत." तो नम्रपणे म्हणाला, "मग गाडीचे नऊ झाले की, काका." दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग केल्यास मॅट फुकट मिळणार होत्या. आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर पत्नी अवाक्षर बोलली नाही आणि मीही रेडिओ लावला नाही. तसा तो पुरापासून लागतही नाही.

खंडेनवमीला सकाळी गाडी धुतली. झेंडूचा हार बॉनेटवर अडकवून पत्नीने हळदकुंकू वाहिले आणि मग खाली वाकून चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवू लागली. मी म्हणालो, "अगं, हे नव्या गाडीला करतात."

"टायर नवे आहेत की," ती म्हणाली.